टोपलीतले दुसरे साहेब

३ नोव्हेंबर

सकाळच्या गाडीने पोचलो. सामान म्हणजे एक बॅग आणि बुटांची पिशवी. स्टेशनवर बुलेट न्यायला आला होता. बुलेट हा गरम हवेच्या फुग्यातून लोकांना फिरवणाऱ्या कंपनीचा ड्रायव्हर. फुगा हवेत गेला की खालून व्हॅन घेऊन त्याच्या मागे जायचे आणि तो उतरेल तिथे पोचायचे, हे त्याचे काम. गाडी इतकी सावकाश चालवतो की सायकलवालेही वळून बघतात, म्हणून दादाने त्याचे हे नाव ठेवले. वाटेत मला म्हणाला, धाकटे साहेब, तुम्ही निदान हे नाव बदलू नका, आता बायकोसुद्धा त्याच नावाने हाक मारते.

वहिनींनी वरची खोली झाडून ठेवली होती. खिडकीतून मैदान आणि पलीकडे कंपनीची पत्र्याची शेड दिसते. टेबल दादाचेच. छकुलीने, म्हणजे माझ्या पुतणीने, दारात उभे राहून मला बराच वेळ न्याहाळले आणि निकाल दिला, की काका बाबांसारखेच आहेत, पण थोडे कमी. वहिनी तिच्यावर ओरडल्या. मला हसू आले. त्याही हसल्या.

दुपारी कंपनीच्या मालकीणबाईंना भेटलो. दादाच्या जागी आता मी पायलट. त्यांनी चहा दिला आणि एकच गोष्ट सांगितली. उडायचे की नाही हे पायलट ठरवतो, त्यात मी कधी तोंड घालणार नाही. लोक लांबून आले असोत, रुसोत, भांडोत. तुमच्या दादाला नाही म्हणता यायचे, तुम्हालाही यायला हवे. मी हो म्हणालो. हे मला दादानेच शिकवले आहे. फुगा चालवायला मी त्याच्याकडेच शिकलो.

दादा गेला तेव्हा मी लांबच्या कामावर होतो. धुक्यामुळे विमान सुटले नाही. पोचलो तेव्हा सगळे आटोपले होते. बाकी सगळ्यांनी त्याचा चेहरा पाहिला. मला पाहायला मिळाला नाही.

आज पोटभर जेवलो. इथे बरे वाटेल असे वाटते.

५ नोव्हेंबर

पहिले उड्डाण. उजाडायच्या आधी मैदानावर गेलो. आधी हातात मावेल असा काळा फुगा सोडून वारा बघितला. तो सरळ वर गेला आणि मग हळूच पूर्वेकडे कलला. चांगला वारा. सिलिंडर, नळ्या, बर्नरची छोटी ज्योत, जवळ काड्यापेटी, कापडाला कुठे भोक आहे का, वरची झडप उघडणारा लाल दोर मोकळा आहे का, हे सगळे स्वतः हात लावून पाहिले. दादा म्हणायचा, डोळ्यांनी बघितलेले मोजायचे नाही, हाताने बघितलेले मोजायचे.

आमची टोपली मोठी आहे. मधल्या कप्प्यात पायलट आणि सिलिंडर, दोन्ही बाजूंच्या कप्प्यांत प्रवासी. मी त्यांना सूचना दिल्या. उतरताना पाठ पुढच्या दिशेला, गुडघे थोडे वाकवलेले, आतल्या दोऱ्या दोन्ही हातांनी धरायच्या. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, मी सांगितल्याशिवाय एकानेही टोपलीबाहेर पाय टाकायचा नाही. एक माणूस उतरला की फुगा तेवढा हलका होतो आणि बाकीच्यांना घेऊन वर उठतो.

दादाचे तेच झाले. एकाने घाबरून उडी मारली, त्याच्यामागे सगळे. टोपली दादाला एकट्याला घेऊन उठली आणि विजेच्या तारांत गेली. खाली दोर धरून ठेवणाऱ्यांना तो वरून ओरडत होता की दोर सोडा. त्यांनी सोडला, म्हणून ते वाचले. बुलेट त्यांत होता.

उड्डाण छान झाले. अलगद उतरलो. एका आजींनी माझा हात हातात घेऊन आभार मानले. म्हणाल्या, तुमचे आणि त्या दुसऱ्या साहेबांचेही, त्यांनी माझा स्कार्फ नीट खोचून दिला, नाहीतर ज्योतीकडेच उडत होता. त्या बुलेटबद्दल बोलत असाव्यात असे मला वाटले.

११ नोव्हेंबर

आज एका तरुण जोडप्याने विचारले, की तुमच्या शेजारी जे उभे होते ते कोण? शिकाऊ का? एवढ्या वयाचे शिकाऊ? मी म्हणालो, मधल्या कप्प्यात मी एकटाच असतो. ते दोघे एकमेकांकडे बघून हसले, मी थट्टा करतो आहे असे समजून. मुलगी म्हणाली, टोपी उलटी घातलेले, सारखी हनुवटी खाजवणारे.

दादा टोपी उलटी घालायचा. झळ लागते म्हणून. हनुवटीवर त्याला जुन्या भाजल्याचा डाग होता, हवेत गेला की दादा तो खाजवायचा.

मी बुलेटला बाजूला घेतले. त्याने मान खाली घातली. म्हणाला, आम्हाला वाटले तुम्हाला दिसत असतील. तुम्ही तर खांद्याला खांदा लावून उभे असता. परत येताना ते व्हॅनच्या मागच्या सीटवर बसतात, खिडकीकडे. कधी बोलत नाहीत. मी सुरुवातीला घाबरलो होतो, आता सवय झाली.

घरी येऊन वहिनींना विचारले. त्या पीठ मळत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, हे रोज सकाळी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहतात, गॅस बंद आहे का बघतात आणि जातात. भाऊजी, मी तुम्हाला सांगणार होते, पण तुम्ही त्यांच्या अंगावरून गेलात तरी तुम्हाला काही कळले नाही, म्हणून गप्प बसले.

छकुलीलाही दिसतो. ती म्हणाली, त्यात काय.

मला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. जेवण मात्र गेले नाही. स्टेशनवरून माझी बॅग उचलणाऱ्या माणसाला दादा दिसतो. स्कार्फवाल्या म्हातारीला दिसतो. एका सकाळपुरत्या आलेल्या परक्या पोरीला तो हनुवटी खाजवताना दिसतो.

१४ नोव्हेंबर

सकाळी वहिनींच्या आधी उठून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. त्या आल्या, चहा ठेवला, आणि माझ्या डाव्या खांद्याच्या वर बघून थोडे हसल्या. ते हसू माझ्यासाठी नव्हते. मी वळून बघितले. पाण्याचा माठ आणि केरसुणी.

उड्डाणावरून परतताना व्हॅनमध्ये मुद्दाम मागच्या सीटवर बसलो. खिडकीकडे हात ठेवला. सीट थंड होती. थोड्या वेळाने बुलेट आरशात बघून संकोचून म्हणाला, धाकटे साहेब, जरा अलीकडे सरका, त्यांना अवघडतंय.

मी सरकलो. काय करणार.

लहानपणी दादा मला सायकलवर पुढे बसवायचा. गल्लीतली दुसरी मुले मागे धावायची, आम्हालाही बसव म्हणायची. तो कोणाला बसवायचा नाही.

२० नोव्हेंबर

आज माझ्याकडून चूक झाली. मुद्दाम नव्हे. रात्री झोप नव्हती, डोके जड होते. दुसऱ्या सिलिंडरची नळी घट्ट केली की नाही ते मी हाताने बघितलेच नाही. वर गेल्यावर लक्षात आले. वाकून बघितले, तर नळी घट्ट. इतकी घट्ट की मला सोडायला पाना लागला असता.

उतरल्यावर एक काका म्हणाले, तुमच्या जोडीदाराने अगदी वेळेवर आवळली हो, मला वास यायला लागला होता.

म्हणजे मी सगळे नीट करतो तेव्हा दादाला काही करायचे नसते. तो नुसता उभा राहतो. मी चुकलो की तो हलतो. हे आधी का सुचले नाही?

२३ नोव्हेंबर

आज उतरण्याच्या सूचना दिल्याच नाहीत. विसरलो असे नाही. देखावे दाखवत राहिलो, नदी, शाळेचे पटांगण, उसाचे पट्टे. जमीन जवळ आली तरी गप्प राहिलो आणि बाजूला बघत राहिलो, की आता दिसेल.

टोपली टेकायच्या आत सगळ्यांनी एकदम पाठ फिरवली, गुडघे वाकवले, दोऱ्या धरल्या. एकालाही खरचटले नाही. नंतर म्हणाले, साहेबांनी किती शांतपणे समजावून सांगितले, आवाज किती छान आहे त्यांचा.

आवाज. म्हणजे तो बोलतोही. बुलेटशी नाही, वहिनींशी नाही, पण ह्यांच्याशी बोलतो. मला ह्याच सूचना त्याने एका रिकाम्या टोपलीत बसवून दिवसभर पाठ करून घेतल्या होत्या. चुकलो की डोक्यात टपली मारायचा. आज त्याच सूचना त्याने कोणाकोणाला दिल्या, आणि मी तिथेच उभा होतो.

मालकीणबाईंनी बोलावून कौतुक केले. लोक फार खूश आहेत म्हणे. तुमच्या हातात सुरक्षित वाटते म्हणतात. दादाचे नाव राखलेत.

२९ नोव्हेंबर

काल लाल दोर बांधून ठेवलेला तसाच राहू दिला. तो बांधलेला असेल तर वरची झडप उघडत नाही, फुगा खाली आणता येत नाही. वर गेल्यावर बघितले तर मोकळा. आज काड्यापेटी खाली ठेवून गेलो आणि छोटी ज्योत विझू दिली. पुन्हा पेटली. मी डोळ्याची पापणीही लवू दिली नव्हती. ज्योत नव्हती आणि मग ती होती. मध्ये हात दिसला नाही.

प्रवाशांपैकी दुसऱ्यांदा आलेली एक बाई मात्र आज माझे आभार न मानता गेली. बुलेटला काहीतरी सांगत होती. मी खोदून विचारल्यावर तो म्हणाला, बाईंनी विचारले, की ते साहेब ह्या साहेबांकडे पाठ करून का उभे होते? मी पहिल्यांदा आले तेव्हा तर शेजारी उभे होते.

पाठ करून.

बुलेट पुढे म्हणाला, साहेब, तुम्ही काय करताय ते मला खालून दुर्बिणीतून दिसते. मी दोर सोडलेला माणूस आहे. मला पुन्हा तसले काही बघायला लावू नका. तो माझ्या पाया पडायला आला. मी त्याला उठवले. मला त्याचा रागच आला. त्याला दादा रोज दिसतो, आणि वर रडतो माझ्यापुढे.

६ डिसेंबर

लिहायला बसलो आहे.

आज एक कुटुंब होते आणि एक जागा रिकामी होती. काल रात्री जेवताना मी छकुलीला विचारले, येतेस का. ती टाळ्या पिटायला लागली. वहिनी नको म्हणाल्या. मी म्हणालो, पायलट मी आहे, जबाबदारी माझी. त्या म्हणाल्या, बरोबर हे असतील ना. मी हो म्हणालो.

काळा फुगा सोडला. वर जाऊन तो असा झटक्यात वळला की बुलेटच म्हणाला, आज नाही. वारा तारांच्या बाजूचा होता. नाही म्हणायला हवे होते. मला माहीत होते. मी सगळ्यांना टोपलीत चढवले.

मनात एकच होते. स्वतःच्या मुलीसाठी तो येईलच. नुसता उभा राहणार नाही. आणि मी इतका जवळ असेन की मला दिसेलच.

तारा समोर आल्या. बर्नरचा खटका ओढला की ज्योत भडकते आणि फुगा वर उठतो, पण लगेच नाही, थोडा वेळ लागतो. म्हणून आधीच ओढायचा असतो. मी ओढला नाही. हात खिशात घातला आणि वाट बघितली. लोक हसत होते, फोटो काढत होते. त्यांना वाटले मी गंमत करतो आहे.

बर्नर भडकला. माझा हात खिशात होता. टोपलीचा तळ तारांवरून गेला, खाली वाकले असते तर हात लागला असता. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी बाजूला बघितले. कोणी नाही. कोणीच नाही.

उतरल्यावर छकुलीला जवळ घेऊन विचारले, बाबा होते? म्हणाली, हो, माझ्याकडे तोंड करून उभे होते, हात असे पसरून, तुम्ही त्यांच्या मागे होतात. मी विचारले, माझ्याकडे बघितले का गं त्यांनी? एकदा तरी?

म्हणाली, बघितले ना, एकदा मान वळवून. मग त्यांनी माझे डोळे झाकले.

७ डिसेंबर

तिचे डोळे का झाकले. माझ्या चेहऱ्यावर काय होते.

आरशात बघितले. दादासारखाच आहे. थोडा कमी.

त्याने माझ्याकडे बघितले आणि मला ते कळलेच नाही. हेच परत परत.

९ डिसेंबर

मालकीणबाईंनी सुट्टी दिली. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, बुलेटने सांगितले. म्हणाल्या, तुम्ही शोकात आहात हे मी विसरले, चूक माझी. शेडच्या चाव्या ठेवून जा. मी ठेवल्या.

वहिनी बोलत नाहीत. ताट वर पाठवतात. छकुली जिन्याकडे फिरकत नाही. संध्याकाळी मी खाली उतरायला लागलो तर वहिनी खालून म्हणाल्या, भाऊजी, वरच थांबा. हे कालपासून स्वयंपाकघरात येत नाहीत. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभे आहेत. गॅससुद्धा बघत नाहीत आता.

मी विचारले, कोणाकडे तोंड करून?

त्या म्हणाल्या, आमच्याकडे.

मी वरच्या पायरीवर बसून राहिलो. खाली पायरी रिकामी. दिव्याचा उजेड होता, भिंतीवरचा रंगाचा पोपडासुद्धा दिसत होता. म्हणालो, दादा, मी आहे. मी धाकटा आहे.

खाली छकुली हसली. कोणीतरी तिला हसवत होते.

१२ डिसेंबर

आता भीती वाटते. त्याची नाही. तो त्यांना माझ्यापासून राखतो आहे, विजेच्या तारांपासून राखावे तसे. म्हणजे त्याच्या लेखी मी —

मी छकुलीला काही करणार होतो का? नाही. नव्हतो. हात फक्त खिशात —

त्याच्याकडे सगळ्यांसाठी वेळ आहे.

१३ डिसेंबर

विचार केला. प्रवासी असतात म्हणून तो त्यांच्याकडे बघतो. ते त्याचे कामच आहे, त्याला दोष नाही. प्रवासीच नसले तर? टोपलीत एकच माणूस असला तर पायलटला त्याच्याकडे बघावेच लागते. दुसरे कोणी राखायला नसेल तर मलाच —

शेडमध्ये लहान फुगा आहे, शिकवण्याचा. एकट्याला भरता येतो. शेडचे मागचे दार नुसते कडी लावून असते.

वारा चांगला नाही. नसू दे.

१४ डिसेंबर, सकाळ

भरला. एकट्याने भरला. काही तपासले नाही, हाताने नाही, डोळ्यांनीही नाही. त्याच्यासाठी ठेवले आहे सगळे.

पेन थंडीने चालत नाही, पेन्सिलीने —

सुटलो. फार जोरात वर. शेड लहान झाली.

दादा नाही.

सिलिंडरच्या नळीला वास आहे. कोणी आवळत नाही. छोटी ज्योत फडफडते आहे. बाजूला बघितले, मागे बघितले, कप्प्याच्या पलीकडे वाकून —

दादा, आता कोणी नाही रे. मी एकटाच आहे

खाली मैदानावर व्हॅन. बुलेट आज जोरात चालवत आला. वहिनी उतरल्या. छकुलीला घेऊन. वर बघतायत, हात हलवतायत, ओरडत असतील, ऐकू येत नाही

आणखी एक आहे. त्यांच्यामध्ये. टोपी उलटी.

दिसला. मला दिसला. एवढासा आहे पण तोच. दोन्ही हात पसरून त्यांना मागे सारतो आहे. ते वर बघतायत, तो नाही. त्याची पाठ

दादा वर बघ

वारा वळला. पुढे काय आहे ते बघायला हवे. आधी हातमोजा, लिहायला काढला होता, बोटे गारठली आहेत, तो घालतो आणि